छायागौरीचं व्रत

वसंताला दुपारी झोपायचं होतं. त्या मे महिन्यात याहून मोठी इच्छा तिच्या मनात नव्हती.

चेन्नईच्या मैलापुरात देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिचं घर, तंजावरकडच्या मराठी माणसांचं. रम्या, नित्या आणि अनन्या अशा तीन मुली झाल्यावर सासूबाईंनी एका नातवासाठी नवस केला. देवाची ऐकण्यात काहीतरी गडबड झाली आणि त्यानं दोन पाठवले, तरुण आणि विश्वजित. आता ते आठ वर्षांचे होते आणि घरात कुठेही दिसले तरी नुकतेच कुठून तरी खाली पडलेले वाटत.

शाळा असली की दुपारी घर रिकामं होई. मे महिन्यात सगळ्यांना सुट्टी लागली आणि वसंताची सुट्टी संपली. बाहेर अग्निनक्षत्राचं, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्याचं ऊन, घरात एसी एकाच खोलीत. जेवण झालं की पाचही जण त्या खोलीत गोळा होत. वसंता कोपऱ्यात चटई टाकून आडवी झाली की सुरू.

"अम्मा, माझी पोहायची चड्डी कुठे आहे?"

"अम्मा, यानं माझा आंबा चाटला!"

"अम्मा, तू झोपलीस का?"

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात वाईट. त्याला उत्तर दिलं तरी पंचाईत, नाही दिलं तर मुलगा जवळ येऊन पापणी उचलून बघे.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. विजयेंद्र सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. शुक्रवारी घरूनच काम करी, म्हणजे शुक्रवारी सहावी हाक वाढे.

"दुपारी कॉफी मिळेल का गे? आणि मुलांना जरा गप्प कर. माझी मीटिंग आहे."

मग सासऱ्यांचं श्राद्ध आलं. त्या दिवशी वसंता मडीत होती. सोवळ्याला तिकडे मडी म्हणतात. आदल्या दिवशी धुऊन उंच काठीवर वाळत घातलेलं नऊवारी नेसायचं, स्वयंपाक करायचा, आणि कार्य होईपर्यंत कुणी शिवायचं नाही. सकाळी तरुण आणि विश्वजित एकमेकांच्या शर्टाला धरून तिच्याकडे धावत आले. हातभर अंतरावर सासूबाईंचा आवाज कडाडला.

"खबरदार! तिला शिवू नका. मडी आहे!"

दोघं जागच्या जागी थांबले. जरा वेळ उभे राहिले आणि भांडण घेऊन दुसरीकडे गेले.

वसंता हातात पळी धरून बघतच राहिली. एकोणीस वर्षं ती मडी नेसत होती. तिचा हा गुण तिच्या कधी लक्षातच आला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी ती नहाणीतून नऊवारी नेसून बाहेर आली. सासूबाई सीतालक्ष्मी झोपाळ्यावर बसून तुळशीची माळ ओवत होत्या. वसंता त्यांना अत्या म्हणे.

"आज काय गे?" अत्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"व्रत आहे, अत्या."

"कसलं?"

वसंतानं व्रताचं नाव ठरवलंच नव्हतं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या कडुलिंबाखाली एक गाय डोळे मिटून बसली होती.

"छायागौरी," ती म्हणाली.

"माझ्या अख्ख्या जन्मात ऐकलं नाही."

"माझ्या आईकडे करतात, कुंभकोणात. वैशाखातल्या शुक्रवारी. गौरी उन्हात तप करून दमली, तेव्हा शंकरांनी तिला सावलीत निजवलं. म्हणून बाईनं जेवणानंतर दिवे लागेपर्यंत थंड खोलीत पडायचं. कुणी शिवायचं नाही, कुणी हाक मारायची नाही."

"आणि हाक मारली तर?" विश्वजितनं विचारलं.

"हाक मारणाऱ्याला परीक्षेत कमी मार्क पडतात."

"एसी चालतो?" रम्यानं विचारलं. ती बारावीची परीक्षा दिलेली असल्यामुळे तिला घाबरवणं कठीण होतं.

"सावली थंड असावी एवढंच सांगितलंय," वसंता म्हणाली.

अत्यांनी माळेला गाठ मारली.

त्या दुपारी वसंता एसीच्या खोलीत एकटी झोपली. अशी झोपली, की उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत हे तिला क्षणभर आठवेना. बाहेर बरंच काही घडून गेलं होतं. विजयेंद्रच्या मीटिंगमध्ये परदेशातल्या साहेबांना तरुणनं आपला पडलेला दात दाखवला होता. कॉफी करायला गेलेल्या विजयेंद्रला डिकॉक्शनचं भांडं सापडलं नव्हतं, आणि सापडलं तेव्हा त्यात मुलांनी सोडलेली गोगलगाय होती. पण दारावर कुणी थाप मारली नाही. अत्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"अम्मा, माझी..." अनन्या सुरू झाली की अत्या म्हणत, "श्श! मार्क जातील."

घोटाळा झाला तो कढीपत्त्यामुळे. वरच्या मजल्यावरच्या महालक्ष्मी मामी कढीपत्ता मागायला आल्या. त्याही तंजावरकडच्याच, म्हणून निम्मी तमिळ घालून का होईना, मराठीत बोलत. अत्यांनी त्यांना व्रताबद्दल सांगितलं. मामी कढीपत्ता विसरून थेट स्वयंपाकघरात आल्या.

"अय्यो वसंता! येवढं मोठं व्रत आणि मला बोललीस नाहीस? नैवेद्य काय?"

वसंताला पटकन आठवलं ते ज्याला गॅस पेटवावा लागत नाही असं. "पानकम आणि कोसंबरी."

"गुळाचं पाणी आणि भिजवलेली डाळ? बस?"

"त्या दिवशी दुपारनंतर चूल पेटवायची नाही, मामी."

महालक्ष्मी मामींनी भिंतीला हात टेकला. त्यांच्या घरी निवृत्त नवरा होता आणि त्याला चार वाजता गरम भजी लागत. "संध्याकाळी पण नाही?"

"दिवे लागेपर्यंत नाही."

"अम्मन देवी काय दयाळू आहे गे!" मामी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

घरी जाऊन मामींनी इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. तिथून तो देवळातल्या श्लोकाच्या वर्गात गेला. पुढच्या शुक्रवारी सकाळी दूधवाला वसंताला म्हणाला, "अम्मा, आज छायागौरीला जास्त पाकिटं नको ना? सगळ्यांनी दुपारची कॉफी बंद केलीय."

वसंता मनात घाबरली, पण तिला बरंही वाटलं. चार बायका झोपल्या तर कुणाचं काय बिघडलं? तिनं लवकर आवरलं आणि ती एसीच्या खोलीकडे निघाली. तेवढ्यात घंटी वाजली.

दारात महालक्ष्मी मामी, त्यांच्या हाताखाली चटई. मामींच्या मागे जिन्यावर तळमजल्यापासून गच्चीपर्यंतच्या बायका, प्रत्येकीच्या हाताखाली चटई.

"आम्ही विचार केला," मामी म्हणाल्या, "एकेकटीनं केलं तर एकेकटीचं पुण्य. सगळ्यांनी मिळून केलं तर किती! आणि तुझ्याकडे एसी पण मोठा आहे."

कुणाला नाही म्हणायचं? चटया पसरल्या. नैवेद्य सगळ्यांना पुरला पाहिजे म्हणून वसंता बादलीभर पानकम ढवळत बसली. वेलदोडे कमी पडले म्हणून रम्याला दुकानात पिटाळलं. एका बाईनं विचारलं, व्रताला कथा कशी नाही? मग वसंताला गौरी, शंकर आणि एक गरीब कोळीण अशी कथा रचावी लागली, आणि ती इतकी लांबली की कोळिणीला शेवटी काय मिळतं हे तिलाच ठरवता येईना. ती संपते न संपते तोच मामींनी खणखणीत आवाजात सहस्रनाम सुरू केलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एसी धापा टाकत होता. दाराबाहेर अख्ख्या इमारतीतली मुलं जमली होती, कारण त्यांच्याही अम्मा आत होत्या.

संध्याकाळी बादली घासताना वसंताच्या लक्षात आलं, की आठवड्यातला सगळ्यात दमवणारा दिवस आता शुक्रवार झाला आहे.

ही बायकांची बाजू. पुरुषांची बाजू लिफ्टमध्ये ठरली. भजी बंद झालेले मामा, थंड इडली खाल्लेले बँकेतले गृहस्थ, आणि विजयेंद्र. त्यानं आदल्याच शुक्रवारी मीटिंग चालू असताना मांडीवर एक, खांद्यावर एक अशी मुलं सांभाळली होती, आणि ती दोन्ही त्याची नव्हती.

"व्रताला आमचा विरोध नाही," तो घरी येऊन म्हणाला. "पण शास्त्रात काय आहे ते एकदा कळू दे. मी राघोत्तमाचारांना उद्या बोलावलंय."

वसंताच्या हातातला चमचा खाली पडला.

राघोत्तमाचार हे त्यांच्या घरचे जुने उपाध्याय. व्रतांचं पुस्तक त्यांना पाठ होतं. ते विचारणार, आणि खोटं उघडं पडणार. झोप तर जाईलच. पण अत्यांसमोर, मामींसमोर, त्या सगळ्या चटईवाल्या बायकांसमोर तोंड कसं दाखवायचं? देवीच्या नावावर झोप काढणारी सून म्हणून तिचं नाव तंजावरपर्यंत गेलं असतं. कुंभकोणला आईला फोन करून साक्ष द्यायला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण आईला खोटं बोलता येत नसे. तिला लगेच उचकी लागे.

गुरुवारी संध्याकाळी आचार आले. झोपाळ्यावर अत्या, जमिनीवर मामी आणि इतर बायका, भिंतीपाशी पुरुष. वसंता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून पळायला जागा नव्हती, पण टेकायला चौकट होती.

आचारांनी पाणी प्यायलं, उपरणं सारखं केलं. "छायागौरी," ते म्हणाले. "मी पुस्तकं पाहिली. मला सापडलं नाही."

भजीवाले मामा पुढे सरकले. वसंता चौकटीला टेकली.

"पण," आचार म्हणाले आणि थांबले. "गेल्या शुक्रवारी आमच्या घरीही झालं. मी दुपारी देवळातून आलो तर खोलीच्या दाराला आतून कडी. दहीभात झाकून ठेवला होता, तो मी स्वतः वाढून घेतला. आता घरी जाऊन असं व्रतच नाही म्हणून कसं सांगणार?" त्यांनी घाम पुसला. "म्हणून विचारतो. ही परंपरा कुणाची? घरातलं कुणी वडीलधारं माणूस सांगेल का?"

सगळ्यांनी वसंताकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं. खरं काय ते सांगून टाकावं, असं तिनं ठरवलं होतं.

"मी सांगते," झोपाळ्यावरून अत्या म्हणाल्या. "आमच्या घरचीच परंपरा. माझ्या सासूनं मला दिली."

"तुम्ही कधी केलेलं मी पाहिलं नाही, अम्मा," विजयेंद्र म्हणाला.

"व्रत करताना मी दार लावून घेत होते. तू कसं बघशील?"

आचारांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला!"

"मिटला नाही," अत्या म्हणाल्या. "या पोरी चुकीचं करतात. चटया घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचं, मोठमोठ्यानं म्हणायचं, हे कुणी सांगितलं? छायागौरी एकटीनं करायची. आपापल्या घरी. दाराला आतून कडी. आणि मुलांना पुरुषांनी सांभाळायचं, नाहीतर पुण्य अर्धं."

"अर्धं?" भजीवाल्या मामांनी विचारलं.

"अर्धं."

महालक्ष्मी मामींनी चटई गुंडाळायला आणली नव्हती, तरी हातानं तसं केल्यासारखं केलं. आचारांनी मान डोलावली, घरी जायला मिळणार म्हणून त्यांना मोकळं वाटलं होतं. पुरुष एकेक करून जिना उतरले.

सगळे गेल्यावर वसंता अत्यांपाशी आली. "अत्या, तुमच्या सासूनं खरंच..."

"माझ्या सासूनं मला चाळीस वर्षं दुपारी पाठ टेकू दिली नाही," अत्या म्हणाल्या. "मला तुझ्यासारखं सुचलं नाही, हे माझं दुर्दैव."

वसंता त्यांच्या पाया पडायला वाकली.

"थांब. उद्या माझं व्रत. वयानं मोठी असेल तिनं आधी करायचं."

"आणि मी, अत्या?"

"तू दारापाशी बस. मी दोन शुक्रवार बसले."

शुक्रवारी जेवण झालं, अत्या धुतलेलं लुगडं नेसून आत गेल्या, कडी लागली. वसंता खुर्चीवर बसली. आतून थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज येऊ लागला, संथ आणि भक्तिभावानं.

"अम्मा, पाटी झोपली का?" तरुणनं आजीबद्दल विचारलं.

"नाही रे. व्रत करतात."

"अम्मा, विश्वजितनं माझा..."

"अम्मा, टॉवेल..."

"वसंता, कॉफी मिळेल का गे?" विजयेंद्रनं पलीकडच्या खोलीतून विचारलं.

तोच घोरणं थांबलं. कडी निघाली. दार अर्धं उघडलं आणि थंड हवेबरोबर अत्यांचं डोकं बाहेर आलं.

"काय गोंधळ आहे? अशानं कुणाला व्रत साधेल? विजया! लॅपटॉप घेऊन इथं या खुर्चीवर बस. वसंता, तू आत ये."

"पण अत्या, तुम्हीच काल सांगितलं. एकटीनं करायचं म्हणून."

"सासू आणि सून एकच धरतात."

"हे कुठं लिहिलंय, अम्मा?" विजयेंद्रनं खुर्चीवर बसता बसता विचारलं. तेवढ्यात दोन्ही मुलं त्याच्या मांडीवर चढली.

अत्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सुनेला दंडाला धरून आत ओढलं आणि म्हणाल्या, "कडी लाव गे. आणि डावीकडे तू झोप, मला भिंत लागते."