शुक्रवारचा स्पीड

ही जागा अजिनाथची

आठ विद्यार्थ्यांसाठी आठ कॉम्प्युटर घेणारा माणूस अडाणी असतो, असं अजिनाथचं ठाम मत होतं. घोडेगावात भेटेल त्याला त्याने ते ऐकवलं होतं. चहाच्या टपरीवर ऐकवलं, बसची वाट बघणाऱ्यांना ऐकवलं, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या माणसालाही ऐकवलं, कारण त्याला पळून जाता येत नव्हतं.

"लग्नाच्या पत्रिका पाचशे वाटता ना? मग ताटं पाचशे मांडता का एकदम? न्हाई! शंभराची पंगत बसते, उठते, मग दुसरी बसते. सगळ्यांना एकाच वेळी भूक लागत नसती, राव! यावर तर जग चाललंय!"

पेंडीच्या दुकानावरच्या माडीवर त्याचा टायपिंगचा क्लास होता. कोपऱ्यात एक दांडगं मशीन, पुण्यातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीतून आणलेलं. त्याच्या पोटात अजिनाथने आठ मशीनं तयार केली होती. ती हाताला लागत नव्हती, डोळ्यांना दिसत नव्हती, पण होती. टेबलांवर फक्त आठ पडदे आणि आठ कीबोर्ड. प्रत्येक पडद्याची समजूत अशी, की आख्खं मशीन आपलं एकट्याचं! मशीनमध्ये खरी मेमरी सोळा जीबीची. अजिनाथने प्रत्येकाला कबूल केलेली, चारची.

"सर, हे बत्तीस झाले की," नाझनीन म्हणाली. क्लासात तिचा हात सगळ्यात वेगवान, आणि तोंडही.

"कबूल करायला काय जातंय? एकदम मागतंय कोण?"

"आणि मागितलं तर?"

"तर मशीनला अक्कल दिलीय. जो गप्प बसलाय त्याच्या ताटातलं उचलायचं, जो ओरडतोय त्याला वाढायचं. गप्प बसणाऱ्याचं सामान माळ्यावर टाकायचं. त्यानं मागितलं की शिडी लावून खाली काढून द्यायचं. मिटलं!"

नाझनीनने मान डोलावली. तिचं ताट भरलेलं होतं.

ही जागा सत्यशीलाची

गोष्ट खरी हिची. अजिनाथची बायको, बसायची तिसऱ्या पडद्यावर. लिपिकाच्या भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली होती आणि आता उरली होती नगरची टायपिंगची चाचणी. पुढच्या भरतीला ती वयात बसणार नव्हती. म्हणजे ही एवढीच संधी. मग आयुष्यभर पेंडीच्या वासात नवऱ्याचा हिशोब आणि सासूचा चहा.

तिची टाइप करायची एक पद्धत होती. आधी ती वाक्य पूर्ण वाचायची. हात मांडीवर, नजर कागदावर. वाक्य कळलं की मग ती ते एका दमात उतरवायची, विहिरीत सूर मारावा तसं. हात मांडीवरून उचलून ती पहिलं बटण दाबायची आणि नेमका तेव्हाच पडदा

ही जागा कारभारीची

(माफ करा. मधे म्हशी आल्या.)

कारभारी म्हशींचा व्यापारी. आठवं मशीन रिकामं होतं म्हणून अजिनाथने ते त्याला वापरायला दिलं. म्हशींचे व्हिडिओ करून तो मोबाईलवर टाकायचा. मुऱ्हा म्हैस डावीकडून, मुऱ्हा म्हैस उजवीकडून, शिंगाचं वळण हळूहळू फिरताना, मागे ढोलकी. मग जाफराबादी, तिलाही ढोलकी. कासेवर तर असा उजेड पाडायचा, की सिनेमाच्या नटीला हेवा वाटावा!

"अजिनाथराव, लई ग्वाड चालतंय तुमचं मशीन! एक म्हैस पार राजस्थानातनं इचारली!"

तो रोज यायचा. फक्त शुक्रवारी येत नसे. शुक्रवारी खालीच जनावरांचा बाजार, आणि बाजाराच्या दिवशी कारभारी म्हशींच्या व्हिडिओंत नाही, म्हशींत असायचा.

परत सत्यशीलाची, उरली तेवढी

अडकायचा.

ते मघाचं वाक्य. पडदा अडकायचा. बोटं पुढे, अक्षरं मागे. मेंढरं दारातच अडून बसावीत तशी, आणि मग एकदम सगळी सुटावीत तशी. तोवर घड्याळ आपलं पळतच असायचं.

"हे तुमचं मशीन थांबतं," ती म्हणाली.

"मशीन? त्या नाझनीनला विचार, तिचं थांबतं का? पोरगी पावसासारखी टाइप करते. तुझा हात जड हाय, दुसरं काय न्हाई."

"माझा हात?"

"भाकऱ्या थापून जड होतो. शास्त्र आहे."

असलं कुठलंही शास्त्र नव्हतं, पण अजिनाथ एकदा बोलला की मागे फिरत नसे. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या त्याने स्वतःकडे घेतल्या. पहिली भाकरी तव्यावर पडली ती बांगलादेशाच्या नकाशासारखी. दुसरी पडलीच नाही, हाताला चिकटून राहिली. त्याची आई झुंबरबाई चुलीशेजारी बसून ते सगळं पाहत होती.

"अजिनाथ, तू आधी मेल्या माणसासारखा पीठ मळतूस, मग जित्या माणसावर सूड घेतल्यासारखा थापतूस."

"आई, सत्यशीलाची परीक्षा हाय."

"मंग परीक्षा तिनं द्यायची. आमाला का उपाशी मारतूस?"

आठवडाभर घराने बांगलादेश खाल्ला. सत्यशीलाचा स्पीड होता तिथेच होता.

पण शुक्रवारी मात्र चमत्कार झाला. पडदा अडकला नाही. सत्यशीलाने पॅसेज संपवला आणि वर दुसरा काढला. नाझनीनसुद्धा मान वळवून बघत राहिली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच! त्याच्या पुढच्याही!

कारण शोधायला झुंबरबाईला वेळ लागला नाही. "शुक्रवारचा उपास करते ना ती. देवी बसती तिच्या बोटांत."

अजिनाथला भाकरीचं शास्त्र सोडवत नव्हतं, पण उपासाच्या दिवशी भाकरी नसतेच, तेव्हा दोन्ही शास्त्रं जुळत होती. दोघांनी मिळून निर्णय घेतला, परीक्षेपर्यंत सत्यशीलाने रोज उपास करायचा.

"आन् मला कुणी इचारलं?" सत्यशीला म्हणाली.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी!"

"रोज साबुदाना? माझं पोट हाय का गोदाम?"

"आंबट न्हाई खायाचं हां," झुंबरबाई म्हणाली. "देवीला आंबट चालत न्हाई."

सोमवारी उपास, स्पीड नाही. मंगळवारी उपास, स्पीड नाही. झुंबरबाई म्हणाली, "देवीला कळतंय ना सोमवार कुटला नि शुक्रवार कुटला. शुक्रवारी बघ." सत्यशीलाचे गाल आत गेले होते आणि डोळे बाहेर आले होते. रात्री अंथरुणावर तिने अजिनाथला एकच प्रश्न विचारला.

"खरंच माझा हात जड हाय का हो?"

हे तिने भांडून विचारलं नव्हतं. भांडून विचारलं असतं तर अजिनाथकडे उत्तर होतं. आता तो नुसता कूस बदलून पडला. महिनाभर सांगितलेलं तिने ऐकून घेतलं होतं, आणि आता तिलाही ते पटायला लागलं होतं. हे त्याला आवडलं नाही. कुठेतरी त्याला हवं होतं की तिने भांडावं.

ही जागा पुन्हा म्हशींची

परीक्षेआधीचा शेवटचा शुक्रवार. त्याच आठवड्यात जनावरांत लम्पीचा रोग आला आणि बाजार बंद ठेवला. खाली रस्ता रिकामा, म्हशी नाहीत, ओरडा नाही. बाजार बंद म्हणजे कारभारी रिकामा, आणि रिकामा कारभारी माडीवर! आज सगळा बाजार त्याला मोबाईलवरच भरवायचा होता. दारात उभ्या असतील-नसतील तेवढ्या म्हशींचे व्हिडिओ त्याने एकदम लावले. ढोलकीवर ढोलकी.

सत्यशीला उपाशी पोटी बसली. वाक्य वाचलं, हात उचलला. पडदा गोठला. इतका गोठला की पडद्यावरच्या घड्याळाचा काटासुद्धा अडकला. वेळ संपली तेव्हा पडद्यावर दीड ओळ होती.

तिने खुर्ची मागे सारली आणि उठली. रडली नाही. पदराने कीबोर्ड पुसला, जणू तो तिने घाण केला होता.

झुंबरबाई त्या दिवशी मुद्दाम देवीचा प्रताप बघायला माडी चढून आली होती. "काय आंबट खाल्लंस?"

"काय न्हाई."

"खरं बोल. शुक्रवारी देवी अशी जात नसती."

"सकाळी ह्यांनी लिंबूपाणी दिलं," सत्यशीला म्हणाली. "ताकद येईल म्हणले."

सगळ्यांनी अजिनाथकडे पाहिलं. कारभारीनेही म्हशीवरची नजर काढून पाहिलं.

"एका लिंबानं काय होतंय!" अजिनाथ ओरडला. "थांबा. दाखवतोच. मशीन ठणठणीत हाय, हे आधी बघा, मग लिंबाचं बोला!"

आणि लिंबाला निर्दोष ठरवण्यासाठी त्याने मोठ्या मशीनचा तो पडदा उघडला, ज्यावर कुणाला किती मेमरी मिळाली ते दिसतं. महिनाभरात त्याने तो उघडलाच नव्हता. सगळं चाललंय म्हटल्यावर कोण उघडतं?

आठव्या मशीनची पट्टी वरपर्यंत भरलेली, सुगीतल्या कणगीसारखी. पहिल्याची बरी, नाझनीनचीही बरी. तिसऱ्या मशीनची पट्टी नव्हतीच. नीट पाहिलं तेव्हा तळाशी एक रेघ दिसली.

अजिनाथ बघत राहिला. सत्यशीला मागे उभी होती. तिला ते वाचता येत नसेल, अशी त्याला क्षणभर आशा वाटली.

"तीन नंबर म्हंजे मी ना?"

"हं."

"आन् आठ नंबर?"

कारभारीने ढोलकी बंद केली.

"माझी मेमरी म्हशीला दिली?"

"मी न्हाई दिली! मशीननं दिली. त्याचं काय असतं, तू वाक्य वाचत बसतेस ना, तेव्हा हात हलत न्हाईत. मशीनला वाटतं तू रिकामी हायेस. मग ते तुझं काढून..."

"मी वाचत असते."

"ते मशीनला दिसत न्हाई ना. त्याला फक्त चाललेली बोटं दिसतात."

"मशीनला दिसत न्हाई," सत्यशीला म्हणाली. "मंग तुमी कुटं हुता?"

अजिनाथने खिशातून रुमाल काढून मोठ्या मशीनवरची धूळ पुसायला घेतली.

झुंबरबाईला मेमरी कळली नाही, म्हैस कळली. "म्हंजे ही पोरगी रोज साबुदाना खात हुती, आन् चारा त्या जाफराबादीनं खाल्ला!" असं म्हणून ती उतरली. खाली जाऊन तिने स्वतः भाकऱ्या टाकल्या, आणि पहिली सत्यशीलाला वाढली, लिंबाच्या लोणच्यासकट.

ही जागा परत अजिनाथची, पण त्याने ती मागितली नव्हती

त्याच संध्याकाळी त्याने कारभारीचं मशीन बंद केलं आणि तिसऱ्या मशीनचे चारच्या चार राखून ठेवले. कुणीही कितीही ओरडलं तरी त्याला हात लावायचा नाही. आता पडदा पाण्यासारखा वाहत होता. पण सत्यशीला दर वाक्यानंतर थांबून पडद्याकडे बघायची.

"आता कशाची वाट बघतेस?"

"अडकायची."

"आता न्हाई अडकणार!"

"कळतंय मला. बोटांना कळत न्हाई."



नगरचं परीक्षा केंद्र कुण्या खाजगी माणसाचं, नवं कोरं, काचेच्या दारांचं. सत्यशीला आत गेली. अजिनाथ बाहेरच्या कट्ट्यावर इतर नवऱ्यांत, बापांत, भावांत बसला. शेजारी पाथर्डीकडचे एक म्हातारे बाप्पा होते, नात आत बसलेली.

घंटा झाली. काचेतून बटणांचा खडखडाट ऐकू आला, सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. एकदम! क्लासात पोरं मागेपुढे येतात, कुणी पाणी पितं, कुणी पान उलटतं. इथे घंटेवर सगळ्यांना एकाच वेळी भूक!

आणि मग तो खडखडाट थांबला.

मग आरडाओरडा. "सर, हँग झालं!" "माझंबी!" "सर, नुसता क क क उमटतोय!" कुणी बटणं बडवत होतं, कुणी रडत होतं. दार उघडून एक माणूस धावत बाहेर गेला, दुसरा धावत आत आला.

"काय झालं ओ?" बाप्पांनी विचारलं.

"काही नाही," अजिनाथ हळूच म्हणाला. "सगळ्यांनी एकदम मागितलं."

"कोन मशीनवाला हाय रं ह्यो? ह्याला बैलाच्या जागी जुपाय पायजे!"

"खरंय," अजिनाथ म्हणाला, आणि कट्ट्यावर जरा पलीकडे सरकून बसला.

आत वेळ वाढवून दिल्याची सूचना झाली. बऱ्याच वेळाने दारं उघडली. पोरंपोरी लाल डोळ्यांनी बाहेर येऊ लागली, फेरपरीक्षेच्या अर्जावर सह्या करायला गर्दी झाली. सत्यशीला सगळ्यात शेवटी आली, पर्स खांद्यावर, चालणं सावकाश.

"तू पण सही कर ना! अर्ज दे! फेरपरीक्षा देतायत!"

"मला कशाला?"

"म्हणजे?"

"पडदा थांबला तवा मी हात मांडीवर ठेवले आन् पुढचं वाक्य वाचून घेतलं. सुरू झाला की टाकलं. परत थांबला, परत वाचलं. बाकीचे बडवत बसले, त्यांच्या पानभर क. माझं संपलं. सायबानं बघितलं, म्हणले, तुमी पास, तुमाला परत बसायची गरज न्हाई." तिने पर्समधून रुमाल काढून कपाळ टिपलं. "लई चांगले हुते बिचारे. इचारत हुते, ताई, तुमी एवढ्या शांत कशा?"

अजिनाथची छाती फुगायला लागली. पंगत, ताटं, माळा, शिडी, सगळं ओठांवर आलं. "मग? काय सांगितलंस? कुठल्या क्लासला शिकलीस ते सांगितलंस ना?"

"न्हाई," सत्यशीला म्हणाली. "म्हणलं, सवय हाय. हितंबी मशीनमागं कुणाचा तरी नवराच बसलाय."