तेरा तुकड्यांचं अर्थशास्त्र

शालिककाकांनी बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक करवतीच्या पात्यानं कापलं, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो होतो. आमच्या घरात कपाटाआधी चळवळीची पत्रकं आली. छापील कागदाला पाय लागला तरी आजोबा खवळायचे, आणि हा माणूस पुस्तक कापून राहिला!

"पुस्तक एक, पोरं तेरा," काका म्हणाले. "एक वाचते, बारा तोंड पाहतात. आता तेराही वाचतीन."

काका शाळेत चपराशी होते. जन्मभर रजिस्टरं शिवली. त्याच दाभणानं त्यांनी तेरा प्रकरणांच्या तेरा वह्या शिवल्या. परीक्षा महिन्यावर आली होती आणि मराठीतलं दुसरं पुस्तक मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात मिळत नव्हतं. रोज संध्याकाळी काका सायकलवर निघत, या घरची वही त्या घरी देत आणि प्रत्येक ठिकाणी चहा घेत. काकू गेल्यापासून त्यांच्या घरी चहा होत नव्हता.

"पहिला कप गोड लागते, चौथा नुसता गरम, सातवा उतरतच नाही. हे प्रकरण दुसरं, घटत्या उपयोगितेचं," काका म्हणत.

पोरं एकाच वर्गात बसतात, वह्या तिथंच बदलता आल्या असत्या. मग काका सायकल कशाला हाणतात, हे मला कोडंच होतं.

एकदा सावरगावात, त्या तेरांतल्या राणीच्या दारात, ते मोठ्यानं म्हणाले, "पोरीची मागणी घेऊन आलो!"

राणीच्या बापानं घाईनं खुर्ची टाकली. "पोरगा कसा हाय?"

"पोरगा कुठचा? वक्र हाय."

"वाकडा हाय?"

"डावीकडून उजवीकडं खाली जाते."

"म्हंजे पेते का काय, बाप्पा?"

आतून राणी हसत आली आणि मागणीचं प्रकरण घेऊन गेली. काकांनी मात्र पाहुण्यांचे पोहे पूर्ण खाल्ले.

मला हे पटत नव्हतं. टंचाई आभाळातून पडत नाही, माणसं ती करतात, असं मी पत्रकांत लिहितो. मग ती घरोघर वाटत का फिरायची? एका रविवारी मी सगळ्या वह्या जमवल्या, पानापानाचे मोबाईलवर फोटो काढले आणि तेराही जणांना पाठवले. पोरं खूश. टंचाई खतम.

काकांनी मोबाईलकडे बराच वेळ पाहिलं. "बरं केलं. आता कोणाले थांबा लागत नाही." वह्या कॅरिअरला बांधून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सायकल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. काका ओसरीवर एकटेच बसले होते, बाजूला वह्यांची चळत.

"काऊन आला? सारं मोबाईलात हाय ना?"

"फोटोत अक्षर बारीक दिसते, काका. पुरवठ्याचं प्रकरण पाहिजे होतं."

मला बारावी होऊन सहा वर्षं झाली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चळतीतून वही काढली, धूळ झटकली. मी हात पुढे केला. त्यांनी वही दिली नाही.

"तू जाय," ते म्हणाले. "मी संध्याकाळी घरी आणून देतो."