एक नंबरचा व्हीलॅन

कार्यालयाच्या सुरक्षेसाठी नवा स्विच आला आणि आजवर एकमेकांशी बिनदिक्कत बोलणाऱ्या संगणकांना शिस्त लावण्याचं ठरलं.

स्विच म्हणजे कपाटातली एक लोखंडी पेटी. सगळ्या संगणकांच्या वायरी तिच्यात येतात आणि आत व्हीलॅन नावाच्या न दिसणाऱ्या भिंती घालता येतात. भिंतीपलीकडच्याशी बोलायचं तर मुद्दाम दार ठेवावं लागतं. काम नेटवर्कवाल्याकडे आलं. गडी हुशार, पण हंगामी. त्याला कायम करण्याचा आदेश आस्थापनाबाईंच्या संगणकात तयार होता, साहेबांची डिजिटल सही तेवढी बाकी होती. त्यामुळे सध्या तो कुणालाच नाही म्हणत नव्हता.

"मला कितवा नंबर दिलास?" साहेबांनी विचारलं.

"दहावा, साहेब."

"म्हणजे या ऑफिसात माझ्या वर नऊ जण आहेत?"

आता, एक नंबरचा व्हीलॅन म्हणजे शुद्ध अडगळ. ज्याला कुठंच जागा दिलेली नाही ते सगळं आपोआप तिथं जाऊन पडतं. पाहुण्यांचे मोबाइल, चहाचं मशीन, जिन्यातला कॅमेरा. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, सही आठवली आणि म्हणाला, "एक नंबर करतो, साहेब."

बातमी फुटली. हिशेब विभागाला आवक-जावकचा शेजार नको झाला. एका टेबलावर बसणाऱ्या, पण अबोला धरलेल्या दोन कारकुनांनी वेगवेगळे व्हीलॅन मागितले. प्रिंटर कुणीच आपला म्हणेना, म्हणून त्यालाही स्वतंत्र व्हीलॅन मिळाला. दारांचा विषय निघताच सगळे उखडले, "दारंच ठेवायची तर भिंती कशाला घालतोयस?" तोही "बरोबर आहे," म्हणाला. तेव्हापासून एकही तक्रार पुढे सरकली नाही आणि वार्षिक अहवालात तक्रारी शून्य झाल्या.

त्यानं आपल्या आदेशाची चौकशी केली तेव्हा आस्थापनाबाई म्हणाल्या, "अरे, तुझा आदेश कधीच पाठवलाय मी!"

साहेब म्हणाले, "मला तर फक्त चहाच्या मशीनमधलं दूध संपल्याचं येतं."

नेटवर्कवाल्यानं लगेच लॅपटॉप उघडला. "साहेब, बाईंच्या आणि तुमच्या मध्ये एक दार ठेवतो. पाच मिनिटांचं काम."

"भिंतीला हात फक्त कायम कर्मचाऱ्यानं लावायचा. कालच नियम केलाय."

"मग कागदावर सही द्या."

"आपण कागदमुक्त झालोय. अभिनंदन नाही केलंस ते!"

"अभिनंदन, साहेब," तो म्हणाला.

घरी बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं तुला?"

"कायम झालो की बोलणार होतो गं."

त्याचं एक वेळ समजू शकतं, बिचारा हंगामी होता. तुम्ही तर चांगले कायम आहात. मग परवाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांत आधी मान कुणी डोलावली?