तर्रीची राहिलेली इच्छा

"कुत्र्याच्या पिल्लाला दाणे खायला शिकवणं यात काही अवघड नाही. घरात फक्त एक खंबीर माणूस पाहिजे!" हे वाक्य मी दवाखान्यात डॉक्टरांसमोर छाती काढून म्हटलं. शेजारी बायको उभी होती आणि टेबलावर तर्री बसली होती. आज ते वाक्य आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

तर्री म्हणजे आमचं दोन महिन्यांचं पिल्लू. रंग पोह्यावरच्या तर्रीसारखा लालसर, म्हणून नाव तर्री. आली त्या दिवसापासून कामिनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, तिला दूध-पोळी चारली. पिल्लू खूश, कामिनी खूश, फक्त पिल्लाचं पोट नाराज! घरातली एक सतरंजी सुटली नाही. डॉक्टरांनी दूध-पोळी बंद केली आणि पिल्लांसाठी मिळणाऱ्या कोरड्या दाण्यांची पिशवी हातात दिली. सुरुवातीला कोमट पाण्यात जरा भिजवा म्हणाले, दुसरं काहीही द्यायचं नाही.

"आजपासून तिच्या वाटीला कोणी हात लावायचा नाही," मी घरी आल्या आल्या जाहीर केलं. "मीच भिजवीन, मीच कुस्करीन, मीच देईन!"

"तुमाले सोताचा चहा नाही जमत," कामिनी म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. अंगणात बसून शांतपणे खर्रा घोटला. खर्रा घोटताना मला फार चांगले विचार सुचतात. कामिनीचं मत वेगळं आहे, पण तंबाखू-सुपारीबद्दल तिचं कोणतंच मत चांगलं नाही. चिमूट गालात ठेवली, त्याच हातानं दाणे मऊ कुस्करले आणि वाटी पुढे सरकवली. तर्री शेपूट हलवत धावत आली. वाटीत नाक घातलं. शिंकली! आणि माझ्याकडे बघत बघत मागे सरकली.

म्हटलं, नवीन आहे, लाजत असेल. दुपारी वाटी बदलली. शिंकली. संध्याकाळी जागा बदलली. शिंकली. शेवटी मी चार पायांवर... म्हणजे दोन हात, दोन पायांवर बसलो आणि "हे बघ, बाबा खातो" म्हणत एक दाणा स्वतः चावला. चव आमच्या ऑफिसच्या कँटीनपेक्षा बरी होती. तर्रीनं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी देऊन पाहू का?" कामिनीनं विचारलं.

"अजिबात नाही! अशानंच सवय बिघडते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझा धीर सुटला. तर्री दिवाणाखाली पडून होती. हाक मारली तर शेपटीचं नुसतं टोक हललं. पोटाखाली हात घातला तर बरगड्या हाताला लागल्या. लगेच डॉक्टरांना फोन केला.

"संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या," ते म्हणाले. "सलाईन लावावी लागेल. इतकी लहान पिल्लं लवकर खचतात हो."

लवकर खचतात! अशा वेळी माणसानं काय करावं? मी आणखी एक खर्रा घोटला आणि पुन्हा दाणे कुस्करायला बसलो.

तेवढ्यात रामटेकहून प्रेमिला आत्या आली. आत्याची आमच्या नात्यात एक खास ओळख आहे. कोणाच्याही दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नसला की लोक आत्याला पुढे करतात. गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली असेल ते आत्या बरोबर ओळखते, घरच्यांकडून शब्द वदवून घेते आणि कावळा खाली येतो. तिनं तर्रीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"इच्छा राहिली आहे हिची!"

"अवं आत्या, ती जित्ती आहे!" मी ओरडलो.

"मंग जित्तेपणीच पुरी करू ना! ठेव वाटी अंगणात. सरका मागे. हात जोडा."

हसू नका. घरात पिल्लू उपाशी असेल तेव्हा तुम्हीही हात जोडाल. मी तर्रीला वाटीजवळ ठेवलं आणि आम्ही तिघं मागे उभे राहिलो.

"तुले रोज फिरायले नेईन वं माय," कामिनी हुंदका देत म्हणाली.

"नवी गादी आणतो," मी म्हटलं. "माझ्या खुर्चीवर झोपलीस तरी बोलणार नाही."

"काही मनात ठेवू नको बापा, सुखानं घे," आत्या म्हणाली.

तर्री हलली नाही. पण भिंतीवरून एक कावळा उतरला आणि दाणा उचलून उडाला.

"शिवला!" आत्या आनंदानं ओरडली.

"आत्या! कावळ्यानं नाही, कुत्रीनं खायले पाहिजे!"

या गडबडीत शेजारच्या दुर्गेशभाऊंनी भिंतीवरून डोकावलेलं आम्हाला कळलंच नाही. त्यांना काय दिसलं? जोडलेले हात, रडणारी कामिनी आणि कावळा. त्यांनी लगेच गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, 'केशवभाऊंच्या घरी दुःखद घटना. सर्वांनी यावे.' बघता बघता फाटकाबाहेर चपलांचा ढीग लागला! कवडूकाकांना डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी माझाच हात हातात घेतला.

"फार चांगला माणूस होता गा केशव."

"काका, मीच केशव!"

"मंग गेलं कोण?"

"कोणीच नाही. कुत्री जेवून नाही राहिली."

सगळ्यांनी तर्रीकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देत परत जातील. पण आलेला माणूस असा कसा जाईल? एकेकानं हात जोडले. आता अख्खी गल्ली माझ्या कुत्रीला विनंती करत होती!

"घरच्या कर्त्या माणसानं काही सोडल्याबिगर होत नाही," आत्यानं निर्णय दिला.

सगळ्यांची नजर माझ्या फुगलेल्या गालाकडे वळली.

"खर्रा!" कामिनी म्हणाली. तिच्या आवाजात इतका वेळ नसलेली उमेद होती.

"आत्या, दुसरं काही सोडतो ना. वांगं सोडतो!"

"वांगं तू खातच नाही गा!" आत्या म्हणाली.

तेवढ्यात तर्रीनं मान जमिनीवर टाकली. डोळे अर्धे मिटले. मी खिशातली पुडी काढून नालीत फेकली.

"सोडला! आजपासून बंद! पण तू खाय वं बाई!"

"असं नाही," आत्या म्हणाली. "चूळ भर. हात धू, कोपरापर्यंत. मंग दुसऱ्या वाटीत नवे दाणे दे."

कामिनीनं साबण लावून माझे हात असे घासले की लग्नातल्या मेंदीचाही डाग राहिला नसता. मी नवी वाटी ठेवली. तर्रीनं नाक पुढे केलं. ती शिंकली नाही. एक दाणा. मग दुसरा. मग वाटी अंगणभर ढकलत नेऊन चाटून पुसून साफ! शेवटी तिनं माझी बोटंही चाटली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या आणि मी सगळ्यांदेखत रडलो.

संध्याकाळी डॉक्टरांना मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं.

"तंबाखूच्या हातानं कुस्करत होता? अहो, कुत्र्याला ते विष आहे! तुमच्यापेक्षा पिल्लू हुशार निघालं. जीव वाचवला तिनं स्वतःचा!"

मला आधी लाज वाटली. फार वाटली. पण मग हळूच एक विचार आला. म्हणजे इच्छा वगैरे काही नव्हती, अडचण फक्त हाताच्या वासाची होती! हात स्वच्छ असले की झालं ना?

पुढच्या आठवड्यात ऑफिसातून येताना पानठेल्यावर खर्र्याची एकच चिमूट घेतली. अगदी एकच. चूळ भरली, इलायची चावली, साबणानं दोनदा हात धुतले. घरी येऊन वाटी ठेवली. तर्री धावत आली. वाटी सोडली, माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि शिंकली.

"कोण शिंकलं जी?" आतून कामिनीचा आवाज आला.

"मी!" मी म्हटलं.

तर्री पुन्हा शिंकली.