केबिनमधला जादा माणूस

गंगापूर रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानाने सोडत काढली आणि पहिले बक्षीस सौ. उज्वलाबाईंना लागले, ही घटना तशी साधी आहे. बक्षीस होते मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ. केबिन एक, माणसे चार. घरातही माणसे चारच: सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक असलेले सोमनाथराव, त्यांच्या पत्नी उज्वलाबाई, कॉलेजला जाऊनही न गेल्यासारखा योगेश आणि दहावीतली हर्षाली. चाराला चार, बाकी शून्य. इतके सोपे गणित या घरात आजवर कधी सुटले नव्हते, त्यामुळे ते टिकणार नाही हे उघडच होते.

कुपन उज्वलाबाईंच्या नावावर होते. संध्याकाळपर्यंत ते "आपल्याला लागलं" झाले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत "पप्पा नेतायत". उज्वलाबाईंची काही तक्रार नव्हती. त्यांनी मेन रोडवरून रुंद काठाची एक निळी टोपी आणली, दार लावून तीनदा आरशात पाहिली आणि पिशवीसकट फ्रिजवर ठेवून दिली.

"आई, तू आणि टोपी?" हर्षाली खिदळली.

"का गं? समुद्र मी काय कमी वेळा पाहिलाय? पण दर वेळी किनाऱ्यावरून. एका हातात तुमच्या चपला, दुसऱ्या हातात पाण्याच्या बाटल्या. आता डेकवर उभी राहणार. हातात काही म्हणजे काही नको."

"ओके, ओके," हर्षाली म्हणाली. "माझा चार्जर बघितलास का?"

तेवढ्यात कळवणहून फोन आला. चतुराआत्या म्हणजे सोमनाथरावांच्या थोरल्या बहीण. वय सत्तर, आवाज पंचविशीतला.

"सोमा, बोटीत चाललाय म्हने. मी बी येते."

"अक्का, केबिन चौघांची आहे."

"मंग? मी काय हत्ती हे? पडून ऱ्हाईन कोपऱ्यात. तुला कडेवर घेऊन शाळेत नेलं, तवा मी म्हनले का, माजी कड एकाचीच हे म्हनून?"

या युक्तिवादाला कोणत्याही नियमावलीत उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सोमनाथराव हर्षालीला घेऊन क्रूझ कंपनीच्या कार्यालयात हजर झाले. तिथे टाय लावलेला आल्हाद नावाचा तरुण अधिकारी होता. तो नकारसुद्धा पेढा दिल्यासारखा द्यायचा.

"केबिनची क्षमता चार, सर. पण पाचवी व्यक्ती सामावू शकते हे सिद्ध झालं, तर परवानगी आहे."

"सिद्ध कोणी करायचं?"

"कुटुंबानेच. नमुना सात-ब. घरात केबिनच्या मापाची जागा आखायची, तीन दिवस तिथे राहायचं, अहवाल लिहायचा आणि शेवटी रेषेच्या आत उभं राहून सर्वांचा एक फोटो पाठवायचा."

"आणि नाही मावले तर?" हर्षालीने विचारले.

"तर एक जण मागे राहील. कोण, ही कुटुंबांतर्गत बाब आहे. कंपनी त्यात पडत नाही."

सोमनाथरावांचे डोळे पाणावले, पण मागे राहण्याच्या कल्पनेने नव्हे. सव्वीस वर्षे ते लोकांकडून अर्ज भरून घेत आले होते. स्वतः भरावा अशा योग्यतेचा अर्ज त्यांना आज प्रथमच भेटला होता. हर्षालीची काळजी मात्र वेगळीच होती. तिने अख्ख्या वर्गाला क्रूझचे सांगून टाकले होते. मागे राहणारा माणूस कुणीही असो, तो दहावी ब मधला नसावा, एवढेच तिचे म्हणणे होते.

शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये खडूने चौदा बाय अकराचा आयत आखण्यात आला. दिवाण म्हणजे खालचा बर्थ, सोफा म्हणजे वरचा बर्थ, शूरॅक म्हणजे कपाट आणि प्लास्टिकची खुर्ची म्हणजे समुद्र दिसणारी बाल्कनी. सोमनाथरावांनी नियमावली वाचून दाखवली.

"नियम चार. रेषेबाहेरचा सर्व भाग समुद्र समजण्यात येईल. बाथरूम वगळता अन्य कारणाने रेषेबाहेर पाऊल टाकणारी व्यक्ती बुडाली असे मानून तिची नोंद बुडीत वहीत घेण्यात येईल."

"आणि किचन?" योगेशने विचारले. त्याचे सगळे मूलभूत प्रश्न किचनपाशीच सुरू होत.

"समुद्र."

चतुराआत्या पत्र्याची पेटी, लाडवांचा डबा आणि उशी घेऊन बोटीवर चढल्या. गुडघ्यांमुळे त्यांना दिवाण मिळाला. योगेशला सोफा, हर्षालीला गादी, सोमनाथरावांना टेबल आणि त्याखालची सतरंजी. आलेख कागदावरच्या नकाशात पाचवा चौकोन होता, त्यावर 'इतर' असे लिहिले होते. तो कुणाचा हे कुणी विचारले नाही, कारण ज्याला त्याला आपापला मिळाला होता.

पहिला दिवस कठीण गेला. योगेशचे पाय हर्षालीच्या गादीच्या हद्दीत येत. तिने खडूने उपरेषा आखली, योगेशने ती मोज्याने पुसली, प्रकरण सोमनाथरावांकडे गेले आणि त्यांनी दोघांनाही कारणे दाखवा नोटीस बजावली. रात्री आत्या घोरू लागल्या. त्याची नोंद 'जहाजाचा भोंगा, समाधानकारक' अशी झाली. शेजारचे काका पेपर मागायला आले, तेव्हा त्यांना बंदर बंद असल्याचे दारातूनच कळवण्यात आले.

पण दुसऱ्या दिवसापासून चमत्कार घडला. सगळे मावू लागले! अहवाल बोलका आहे. 'सकाळी सात वाजता चहा प्राप्त झाला. साडेआठला पोहे उपलब्ध झाले. ओले टॉवेल वेळच्या वेळी अदृश्य होत गेले. दुपारी हर्षालीचा चार्जर मागणी करताच रेषेच्या आत पोहोचला. आत्यांना गुडघ्यासाठी गरम पाण्याची पिशवी मिळाली. जागा कमी असूनही केबिनमध्ये कोणतीही टंचाई जाणवली नाही.'

"बगा," आत्या लाडू फोडत म्हणाल्या, "उगं आपले टू बीएचके, थ्री बीएचके करत बसत्यात लोकं. मानसाला लागती किती जागा?"

"पप्पा, आपण तर सहावा माणूसपण घेऊ शकतो," योगेश सोफ्यावरून म्हणाला.

हर्षालीलाही पटले. तिने 'कमी जागेत आनंदी कुटुंब' असे एक रीलसुद्धा टाकले. रविवारी रात्री बुडीत वही बंद करण्यात आली. बुडालेल्यांची संख्या: निरंक.

सोमवारी सकाळी फोटो. सगळे दाटीवाटीने रेषेच्या आत उभे राहिले. आत्या मध्ये, योगेश मागे, सोमनाथराव हातात अहवाल घेऊन, हर्षाली एक खांदा पुढे काढून.

"जरा जवळ या," आवाज आला. "अहो, पोट आत घ्या. हां. हसा!"

फोटो गेला. दोन दिवसांत कंपनीचे पत्र आले आणि सोमनाथरावांनी ते उभे राहून वाचले. "नमुना सात-बच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सोबतच्या छायाचित्राची तपासणी केली असता केबिनमध्ये चार व्यक्ती आढळून आल्या. जादा व्यक्ती आढळून आली नाही. सबब पाचव्या व्यक्तीबाबतचा अर्ज निकाली काढून छायाचित्रातील चौघांच्या नावे तिकिटे निर्गमित करण्यात येत आहेत."

"पास!" योगेश ओरडला.

हर्षालीही ओरडली, आणि ओरडता ओरडता तिने मोजले. आत्या. योगेश. पप्पा. ती.

"पप्पा, आई कुठंय?"

"अगं, ती फोटो काढत होती ना."

"म्हणजे त्याच्या आधी? तीन दिवस?"

"मी आहेच की," किचनमधून उज्वलाबाई म्हणाल्या. "चहा टाकू का परत?"

हर्षालीने बुडीत वही उघडली आणि लाल पेनाने पहिल्या पानावर लिहिले: 'उज्वला. शुक्रवार, सकाळी सहा दहा. समुद्रात.' सोमनाथरावांनी ती नोंद वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. नियम चार त्यांनीच लिहिला होता. त्यात त्यांना एकही पळवाट सापडेना.

ते तडक आल्हादकडे गेले. हर्षाली आणि आत्या मागोमाग.

"नाव बदलायला नमुना नऊ आहे, सर. निर्णय पंचेचाळीस दिवसांत."

"जहाज बारा दिवसांनी सुटतंय!"

"हो, सर. वेळेवर."

"अरं बाबा, मी उतरते," आत्या म्हणाल्या. "माज्या जागी तिला घे."

"उतरू शकता, आजी. पण रिकाम्या जागी दुसरं कुणी चढत नाही." तो हळुवार हसला. "तसं बघितलं तर, मॅडमनी तीन दिवस केबिन वापरलेलीच नाही. रेकॉर्डला तशी गरज दिसत नाही."

घरी आल्यावर हर्षालीने भाषण केले. यंदाच तिला स्त्री-सक्षमीकरणावरच्या वक्तृत्वात दुसरा क्रमांक मिळाला होता, त्यामुळे मुद्दे तयार होते. ती सलग सात मिनिटे बोलली. हा अन्याय आहे, कुणीच जायचं नाही, तिकिटं फाडून टाका. उज्वलाबाईंनी सगळे ऐकून घेतले. ऐकता ऐकता त्यांनी तिचे कपडे इस्त्री केले, आत्यांच्या गोळ्या दिवसांप्रमाणे पुड्यांत बांधल्या आणि चौघांच्या बॅगा भरल्या.

"फुकट कशाला घालवायची? जाऊन या. मी जाईन कधीतरी." त्यांनी फ्रिजवरची पिशवी काढली. "आणि ही घे. डेकवर ऊन लागेल."

"नको, आई. ही तुझी आहे," हर्षाली म्हणाली. हे तिने दोनदा म्हटले. तिसऱ्यांदा म्हणण्याआधी टोपी घालून पाहिली. आणि खरे सांगायचे तर टोपी तिला फारच छान दिसत होती.

क्रूझ उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी मावळतीच्या वेळी हर्षालीने डेकवरून रील टाकले. मागे पप्पा, योगेश आणि खुर्चीत ऐसपैस बसलेल्या आत्या. पुढे ती स्वतः, निळी टोपी वाऱ्यात फडफडतेय, दोन्ही हात पसरलेले, हातात काही म्हणजे काही नाही. खाली मजकूर: 'अख्खी फॅमिली!'

तीनशे बारा लाइक आले. बदाम, टाळ्या, 'किती गोड', 'नजर न लागो'. माणसे मोजली कुणीच नाहीत.

पहिला लाइक आईचा होता. शेवटचा तुमचा.