मोर, मोरी आणि बोळा

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वलाचं कुटुंब राहत होतं आणि त्यांच्या घरात पोरांची वेगळी मोरी होती.

मागे कोण हसलं? हसू नका. तुम्ही जिला बाथरूम म्हणता आणि जिच्यात मोबाईल घेऊन तासभर बसता, तिलाच पूर्वी मोरी म्हणायचे. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला दार, बसायला एक दगड आणि कोपऱ्यात पाणी बाहेर जायला एक भोक. बास. एवढ्यात सगळे स्वच्छ होत असत.

बापाचं नाव झुपकेराव. आई जटाबाई. दोन थोरले मुलगे होते, त्यांचं या गोष्टीत काही काम नाही. आणि शेंडेफळ होती झिपरी. मोठ्यांचीही एक मोरी होती, पण तिच्यात मधाची गाडगी रचून ठेवली होती. मोठी अस्वलं थंडीत झोपलेली असतात म्हणून अंघोळ करत नाहीत, आणि उन्हाळ्यात कंटाळा येतो म्हणून करत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. अस्वलांना डोळ्यांनी बेताचंच दिसतं. नाक मात्र तिखट. ती एकमेकांना वासावरून ओळखतात.

तर एकदा थंडीच्या तोंडाशी सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! पाणी अडवा, पाणी जिरवा!"

झुपकेराव झोपायच्या तयारीत होता. त्याने 'पाणी अडवा' एवढे दोन शब्द ऐकले. पुढचे दोन येईपर्यंत त्याला जांभई आली. पण राजाचा हुकूम तो राजाचा हुकूम. तो तडक पोरांच्या मोरीत गेला. पाहतो तर पाणी भोकातून खुशाल बाहेर चाललेलं.

"काय ही उधळपट्टी!" तो म्हणाला.

त्याने आपल्याच अंगाचे गळलेले केस गोळा केले, त्यात एक जुनं फडकं कोंबलं, चांगला घट्ट बोळा केला आणि भोकात ठोकून बसवला. मग तो जाऊन झोपला. थंडी सरली तेव्हा जागा झाला. दवंडी विसरला होता. बोळाही विसरला होता. भूक लागली आहे, एवढंच त्याला आठवत होतं.

पोरं काही थंडीभर झोपत नाहीत. ती अंघोळ करत राहिली. मोरीत पाणी येत राहिलं, जात मात्र नव्हतं. ते आधी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. मग हिरवं झालं. मग एका बेडकाने त्यात संसार थाटला. मग वास सुटला. तो रोज थोडा थोडा वाढला, त्यामुळे कुणाला कळला नाही. घरच्या वासाला कुणी वास म्हणत नाही.

पोरांनी अंघोळ सोडून दिली. थोरल्यांना आनंद झाला. झिपरीला झाला नाही, कारण त्याच सुमारास कुरळीमावशीचं लग्न ठरलं आणि मावशीचा निरोप आला: "करवली आमची झिपरीच. न्हाऊन-माखून लख्ख होऊन ये म्हणावं."

करवली म्हणजे नवरीच्या मागे पाण्याचा कऱ्हा धरून उभी राहते ती. सगळं जंगल नवरीकडे बघतं, आणि नवरीकडे बघून झालं की करवलीकडे बघतं. झिपरीच्या आयुष्यात तिच्याकडे आजवर कुणीच बघितलं नव्हतं. तिला करवली व्हायचं होतं. जेवताना, झोपताना, झाडावर चढताना, तिला फक्त करवली व्हायचं होतं.

आता 'लख्ख होऊन ये' असं म्हणायची लग्नघरात पद्धत असते. त्याचा अर्थ 'ये' एवढाच असतो. पण झिपरी लहान होती. तिला ते खरं वाटलं.

"आई, मला अंघोळ करायचीय," ती म्हणाली. "पण मोरीतलं पाणी जात नाही."

"जाईल कुठे? आपल्याच घरात आहे."

"मग मी नदीवर जाऊ?"

"नदीवर?" जटाबाईने कपाळाला हात लावला. "घरात धडधडीत मोरी असताना? लोक म्हणतील, अस्वलांचं दिवाळं निघालं!"

पण जटाबाईच्या मनाला ते लागलं. तिने मोरीत डोकावून पाहिलं. तिला जेवढं दिसलं तेवढं तिला आवडलं नाही.

"अहो," ती झुपकेरावला म्हणाली, "पोरांच्या मोरीची अगदी रया गेलीय. लग्नाचं घर. पाहुणे येणार. काहीतरी करायला हवं."

"तोडफोड नको," झुपकेराव म्हणाला. "खर्च नको. आणि मला उठवू नको."

अशा कामासाठी जंगलात एकच जाणकार होते. ते म्हणजे पिसारेसर. पिसारेसर मोर होते. त्यांच्या झाडाखाली पाटी होती: 'तोडफोडीशिवाय कायापालट'. हे काम ते कुठे शिकले, असं कुणी विचारलं नाही. मोरीचं काम मोराशिवाय दुसरं कोण करणार? नावातच आहे.

एक लांडोर तेवढी चिडली होती, त्यांची बायको. "अहो, मोराची बायको मी," ती म्हणाली. "ही मोरी कोण?" ती बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण ते असो.

पिसारेसर आले. मोरीच्या उंबऱ्यावर उभे राहिले. पिसारा थोडा उघडला, थोडा मिटला.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "या मोरीला काही म्हणायचंय."

"पाणी जात नाही, ते म्हणायचंय," झिपरी म्हणाली.

"पाण्याला जायला कशाला लावायचं?" सर प्रेमाने म्हणाले. "लोक पाण्याकाठी राहायला धडपडतात. तुमच्याकडे पाणी स्वतःहून राहायला आलंय."

जटाबाईला हे एकदम पटलं. आजवर तिच्याकडे स्वतःहून राहायला फक्त नणंद आली होती.

पिसारेसरांनी काम सुरू केलं. भिंतींना गेरू फासला. त्यावर डिंकाने पानांचे मासे चिकटवले. वरून वेलींचा पडदा सोडला. पाण्यात एक कमळ आणून टाकलं. बेडकाबद्दल ते 'राहू दे, शोभतोय' असं म्हणाले. बेडूक तसाही कुठे निघाला नव्हता.

पंचे अडकवायला खुंट्या हव्या होत्या. पण खुंटी म्हटली की भिंतीला भोक आलं, आणि भोक म्हणजे तोडफोड. सरांनी तोडगा काढला. त्यांनी भिंतीवर खुंट्यांची चित्रं काढली. फार हुबेहूब काढली. थोरल्याने आपला पंचा एका खुंटीला अडकवला. पंचा पाण्यात पडला. दुसऱ्याने दुसऱ्या खुंटीला अडकवला. तोही पडला.

"पंचे जुने आहेत," सर म्हणाले.

मग सरांनी दार काढून टाकलं. "दार काढलं की जागा मोठी वाटते. आणि खर्च शून्य!" जागा खरंच मोठी वाटली. मोठ्यांच्या मोरीतली मधाची गाडगी त्या मोकळ्या जागेतून अगदी स्पष्ट दिसू लागली. येता-जाता सर एक गाडगं आपल्या मेहनतान्यापोटी घेऊन जात. झुपकेराव डोळे मिटूनच मान डोलवी. तोडफोड नव्हती ना, मग झालं.

हळूहळू मध संपत आला. मोठ्यांची मोरी रिकामी झाली. कोरडी, मोकळी, भोकासकट.

झिपरीने हे पाहिलं. "आई, मी तिथे अंघोळ करू?"

"तिथे?" जटाबाई म्हणाली. "अगं, तिचा कायापालट व्हायचाय अजून!"

पोरांच्या मोरीचा मात्र झाला होता. बघायला सगळं जंगल लोटलं. कोल्हीण म्हणाली, "बाई बाई! यांच्याकडे पाणी घरातच असतं!" सशिणीने आपल्या नवऱ्याकडे एकदा नुसतं बघितलं. नवऱ्याने मान खाली घातली. त्यांच्याकडचं पाणी पहिल्यापासून वाहूनच जायचं.

दुसऱ्या दिवसापासून पिसारेसरांना फुरसत उरली नाही. जो तो म्हणे, आम्हाला अस्वलांसारखी मोरी करून द्या. सरांनी प्रत्येकाकडे गेरू फासला, मासे चिकटवले, दार काढलं. पण पाणी काही केल्या थांबेना. तेव्हा त्यांनी कोल्ह्याच्या मोरीत चिखलाचा बोळा घातला, सशाच्या मोरीत गवताचा, माकडांच्या मोरीत केळीच्या सालींचा. नवरीमुलगी कुरळीमावशी, तिला तर माहेरच्यांनी लग्नाच्या आधीच सगळी मोरी सरांकडून बोळ्यासकट सजवून दिली. अस्वलांच्या घरी बोळ्याशिवाय पाणी कसं थांबलं, हा प्रश्न सरांना पडला नाही. कलावंताला असले प्रश्न पडत नाहीत.

थोड्याच दिवसांत जंगलात कुणीही अंघोळ करेनासं झालं. सगळ्यांकडे सुंदर मोरी होती. सगळ्यांना सारखाच वास येत होता. त्यामुळे तो कुणालाच येत नव्हता.

लग्नाचा दिवस उजाडला. जटाबाई, झुपकेराव आणि थोरले दोघे पुढे निघाले. "तू आवरून ये गं," जटाबाई म्हणाली. झिपरी घरात एकटी राहिली.

ती मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. खाली बसलं तर पाणी तिच्या हनुवटीपर्यंत येईल एवढं होतं. तिला भीती वाटली. पण करवली लख्ख हवी होती. तिने डोळे मिटले, नाक धरलं आणि आत उतरली.

कोपऱ्यात तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं. तिने ते ओढलं. निघेना. दोन्ही पाय भिंतीला लावून ओढलं.

घळ्ळ!

पाणी गेलं. बघता बघता सगळं गेलं. कमळ भोकाशी जाऊन अडकलं. बेडकाने झिपरीकडे रागाने पाहिलं आणि घर बदललं. तळाशी थोरल्यांचे पंचे निघाले आणि जटाबाईची हरवलेली फणी निघाली. आणि झिपरीच्या हातात होता तो बोळा, काळा, बुळबुळीत.

'बाबांना दाखवू,' तिने ठरवलं. 'किती खूश होतील!'

मग तिने अंगणातल्या घागरी आणल्या. रिठे फोडून फेस केला. डोकं धुतलं, कान धुतले, काखा धुतल्या. पाणी भोकातून बाहेर जात होतं आणि ती ते जाताना बघून हसत होती. शेवटची घागर ओतली तेव्हा तिला आपल्या छातीवर एक पांढरी खूण दिसली, चंद्रकोरीसारखी. अशी खूण आपल्याला आहे हे तिला माहीतच नव्हतं. ती त्या खुणेकडे बघतच राहिली.

मग ती बोळा पानात घट्ट गुंडाळून मांडवाकडे पळत सुटली.

मांडवात कुरळीमावशी नटून बसली होती. झिपरी धापा टाकत तिच्यापुढे उभी राहिली. "मावशी, मी आले!"

मावशीने नाक पुढे केलं. हुंगलं. परत हुंगलं.

"कोणाची गं ही?" ती म्हणाली. "हिला तर कसलाच वास नाही!"

सगळी अस्वलं गोळा झाली. सगळ्यांनी हुंगलं. कुणी म्हणालं, परकी आहे. कुणी म्हणालं, आजारी आहे. एक म्हातारी म्हणाली, "चेटूक आहे. लांब ठेवा."

"आई!" झिपरी ओरडली. "आई, मी झिपरी!"

जटाबाई पुढे आली. तिने झिपरीला मानेपाशी हुंगलं, कानापाशी हुंगलं. आणि हळूच मागे सरकली.

"नाही बाळ," ती म्हणाली. आवाज मायेचाच होता. "आमची झिपरी अशी नाही. तिला आमच्या घराचा वास आहे. तू चुकलीस वाटतं. कुणीतरी हिला घरी पोचवा रे. आणि कऱ्हा धरायला दुसरी बघा, मुहूर्त टळेल."

मुलांनो, झिपरीला रडू फुटलं. आपल्या आईने आपल्याला ओळखू नये, यासारखं दुःख नाही. इथे तरी कुणी हसू नका.

एका मावसबहिणीने कऱ्ह्याला हात घातला. झिपरीने रडता रडता आपल्या हाताकडे पाहिलं. हातात पानात गुंडाळलेला बोळा होता.

तिने पान सोडलं आणि तो मानेला चोळला. मग कानांना चोळला. पोटाला चोळला. छातीवरच्या पांढऱ्या खुणेपाशी तिचा हात जरासा थांबला. मग तिथेही चोळला.

जटाबाईचं नाक थरथरलं. "अगं बाई! ही तर आमची झिपरी! कुठे होतीस गं इतका वेळ?"

"आली गं माझी करवली!" मावशी म्हणाली. "आणि कशी लख्ख होऊन आली!"

झुपकेराव गर्दीतून वाट काढत आला. त्याने बोळा हातात घेतला, हुंगला, आणि त्याला सगळं आठवलं. त्याचे डोळे भरून आले. "हा माझा बोळा! माझ्या हाताने केलेला! कुठे मिळाला तुला?"

"मोरीत," झिपरी म्हणाली.

"गुणाची गं पोर! घरी गेल्यावर जिथला तिथे ठेव हो."

पिसारेसर पिसारा फुलवून उभे होते. ते शेजारच्या कोल्ह्याला म्हणाले, "पाहिलंत? मोरी चांगली असली की मुलं अशी घडतात."

वाजंत्री वाजली. झिपरी नवरीच्या मागे कऱ्हा धरून उभी राहिली. सगळ्या जंगलाने आधी नवरीकडे बघितलं आणि मग झिपरीकडे बघितलं. ती हसत होती. तिच्या छातीवरची पांढरी खूण आता दिसत नव्हती, पण ती तिथे आहे हे तिला माहीत होतं. त्याच रात्री तिने बोळा परत भोकात बसवला, बापाने बसवला होता त्याहून घट्ट.

तात्पर्य: 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ही म्हण जुन्या लोकांनी हसायला केली होती, शहाण्यांनी ती मोरी सजवायला वापरावी. आणि मुलांनो, अंघोळ जरूर करा, पण आपल्या माणसांत जाताना बोळा विसरू नका.