बाबालाल मिस्त्रींनी खर्जाची गिटार सिद्ध केली त्याची हकीकत

जो नाद कानास येतो त्यास एक नमस्कार, आणि जो येईनासा होतो त्यास दोन. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, चैत्र मासापासून भाद्रपदापर्यंत एका राज्यात जे वर्तमान घडले, ते पाहणारांनी सांगितले तैसे, पदरचे न घालता लिहिले आहे.

राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. मुलूख दोन खणांचा. पूर्वेस सायकलचे दुकान आणि पश्चिमेस पिठाची गिरणी ही सरहद्द. आत सतारींचा कारखाना. गादीवर बाबालाल मिस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, आणि जवारी काढण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. जवारी म्हणजे सतारीच्या हाडाच्या घोडीस कानशीने असा उतार द्यावा, की तार तीस किंचित घासून झणकारावी. केसाइतके चुकले तर सतार मुकी किंवा कर्कश. घराची रीत ऐसी की ज्याचा कान शाबूत त्याचीच कानस. मिस्त्रींचे वडील हुसेन मिस्त्री यांनी आपला कान फसला ऐसे समजताच भर कारखान्यात कानस मुलाचे हाती दिली, आणि मग मरेतो जवारीस हात लाविला नाही, कोपऱ्यात सतारीचे तुंबे, म्हणजे भोपळे, घासत बसले. ते बसणे बाबालालांनी नऊ वर्षे पाहिले. आणि आता त्यांचाच कान दगा देऊ लागला होता. दोन वर्षांपासून बारीक, उंच आवाज येईना. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी गेली. कोणास सांगितले नाही. कन्या जैतुनबी, वय पंचेचाळीस, कारखान्याचा कारभार त्यांचेच हाती, त्या पुढल्या खणातून हाक मारीत, "अब्बा, शिट्ट्या किती झाल्या?" तेव्हा मिस्त्री मागल्या खणात कुकरची वाफ उडताना पाहून सांगत, आणि पाहणे चुकले की "तीन" म्हणून ठोकून देत, आणि डाळ कच्ची राही. जवारी हाताच्या सवयीवर चालली होती, आणि नवल हे की एकही सतार परत येत नव्हती. मिस्त्री मनाशी म्हणत, कान गेला तरी हात शहाणा आहे. परंतु तुंब्यांच्या कोपऱ्याकडे पाहणे टाळीत.

ऐसे असता तेजलबाई घोरपडे यांची स्वारी दाखल जाहली. त्या चौघांच्या वाद्यमेळात विजेच्या गिटारीवर खर्ज वाजवीत, त्यास बेस म्हणतात. म्हणाल्या, "काका, मला चार तारांचा बेस करून हवाय. यंत्रावर निघालेला नको, तुमच्या हातचा हवा."

मिस्त्री बोलिले, "पोरी, आम्ही सतारवाली माणसं. विजेचं आम्हाला काय ठावं?"

"विजेचं मी बघते. लाकडाचं तुम्ही बघा."

ऐसे म्हणून बाईंनी आपला जुना बेस काढिला, लहानसा स्पीकर लाविला आणि सर्वांत जाड तार छेडली. मग काय वर्णावे! दोन वर्षांत पहिलाच सूर सबंध कानात आला, कोठे फाटला नाही, कोठे झिजला नाही. मिस्त्रींचे डोळे भरून आले. तंबाखूची भुकटी डोळ्यात गेली म्हणाले, आणि तंबाखू तर ते खात नसत. मग बोलिले, "करतो."

मग परमुलखीची लाकडे मागविली. आफ्रिकेतून पदौक आले, रक्ताऐसे तांबडे, ते धडासाठी. काळसर वेंगे आणि अमेरिकेचे पांढरे मेपल मानेसाठी. आणि बोटांच्या पट्टीस आबनूस. ही मंडळी आली तरी लगेच करवत लाविली नाही. नव्या सुनेस माहेरची हवा विसरावयास जसा वेळ लागतो तैसा लाकडासही लागतो, म्हणून दीड महिना माळ्यावर निजविली, आणि मग वैशाख सरता कामास आरंभ केला. चार जाड तारांची ओढ थोर, सतारीच्या मानेस न झेपणारी. म्हणून वेंगे आणि मेपल यांच्या पाच पट्ट्या जोडिल्या, एकीची नस उजवीकडे तर शेजारणीची डावीकडे, की एक वाकू लागता दुसरीने धरावे, आणि पोटात पोलादाची सळई घातली. पदौक तासता भुकटी ऐसी उडाली की गिरणीचा पांडबा लाल होऊन घरी गेला आणि घरच्यांनी मारामारी केलीस काय म्हणून पुसले. मग अखेरीस घोडी. इतर लोक धातूची करतात. मिस्त्रींनी हाडाची केली, आपले हाते, डोळे मिटून, जैसी चाळीस वर्षे केली तैसी.

भाद्रपदात परीक्षेचा दिवस नेमिला. सायकलवाले आले, पांडबा आला, आणि तेजलबाईंनी तार छेडली. मिस्त्रींनी मनात मोजिले, नवापर्यंत सूर जिवंत राहिला, भरदार, निर्मळ. संतोषाने वर पाहिले तो कोणाचे तोंड फुललेले नाही.

बाई हळू म्हणाल्या, "काका, सूर मोठा गोड आहे. पण तार झणकारतीय."

"कुठं? आरशासारखी साफ आहे." मग पांडबाकडे पाहिले, तो पांडबा जमिनीकडे पाहात होता. मग कन्येकडे वळले. "तू सांग."

जैतुनबी बोलिल्या, "अब्बा, हाताला सवय. बेसला जवारी काढलीय तुम्ही."

"मला तर ऐकू येत न्हाई..." इतके मुखातून गेले, आणि सुटला बाण परत येतो काय! मिस्त्रींनी पुसले, "मग दोन वर्षांत एक सतार परत आली न्हाई, ती कशी?"

जैतुनबींनी हात पदराआड नेले. मिस्त्रींनी त्यांचा हात हाती घेऊन पाहिला, तो नखांत हाडाची पांढरी भुकटी. जुम्म्यास मिस्त्री मशिदीस गेले की त्या प्रत्येक घोडी पुन्हा घाशीत होत्या.

"कवापासनं?"

"पहिली डाळ कच्ची राहिली तवापासनं."

"आणि बोलली न्हाईस?"

"आजोबा तुंबे घासत बसलेले मी बी बघितल्यात, अब्बा."

मिस्त्रींस रडू आले, आणि या वेळी तंबाखूचे नाव घेतले नाही. मग उठले, पेटीतून वडिलांची कानस काढिली, भर दरबारी कन्येचे हाती दिली आणि बोलिले, "घास." जैतुनबींनी घोडीचा उतार मोडून धार काढिली आणि तार पुन्हा चढविली. मिस्त्रींनी स्वतः छेडली. झणकार गेला की नाही हे त्यांस कळण्याचा उपाय नव्हता. परंतु घासणारी तार लवकर निमते हे ठाऊक, म्हणून मोठ्याने मोजू लागले, तो नऊ गेले, बारा गेले, सोळास सूर निमाला. मग म्हणाले, "खरं आहे तुझं." आणि तुंब्यांच्या कोपऱ्याकडे जावयास निघाले.

तेजलबाईंनी वाट अडविली. "कुठं निघालात, काका? सोळापर्यंत टिकलेला सूर मी कुठल्याच बेसवर ऐकला नव्हता. माझ्या ओळखीत आणखी दोघं बेसवाले आहेत, त्यांनाही असाच हवा असणार, त्यांना मी काय सांगू?"

येणेप्रमाणे राज्याची वाटणी जाहली. वरचे सूर जैतुनबींकडे, खर्ज मिस्त्रींकडे, आणि तुंब्यांचा कोपरा मोकळा राहिला. त्याच दुपारी मागल्या खणातल्या कुकरकडे सर्वांच्या माना वळताना पाहून मिस्त्रींनी हाक दिली, "जैतुन, शिट्ट्या किती झाल्या गं?" कन्येने उत्तर केले, "तीन, अब्बा." ते दिवसापासून त्या राज्यात डाळ कच्ची राहिली नाही.